तिसऱ्या पौर्णिमेची रांग

शंभराची नोट तिनं कधी काचेखालून नुसती सरकवली नाही. ती नोट काउंटरवर ठेवायची, वर तळहात दाबायची आणि मी मान वर करेपर्यंत हात उचलायची नाही. मग म्हणायची, "मोजून घ्या साहेब."

एकच नोट. तिच्यात मोजायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी मोजायचो. मोजल्याशिवाय ती बाई जागची हलायची नाही.

मी कुरखेड्याच्या एका बँकेत कॅशियर आहे. वाढलो ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरांत. कंपनीची बस ठरल्या मिनिटाला यायची, वडिलांचा पगार ठरल्या तारखेला व्हायचा. नियम म्हणजे नियम, असं मला अगदी मनापासून वाटायचं. ही बाई भेटेपर्यंत वाटायचं.

ती नदीपलीकडच्या गावातली. धानाच्या रोवणीला जायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. नवरा राईस मिलमध्ये हमाल. मिलनं मजुरांची आणि त्यांच्या घरच्यांची खाती आमच्याकडे उघडली होती. खात्यात कमीत कमी हजार रुपये ठेवायची अट होती. तिच्या खात्यात सातशेच राहिले आणि बँकेनं दंड कापला. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर आली. "जयभीम साहेब," म्हणाली आणि पासबुक माझ्या नाकासमोर धरलं.

"पैसे कमी हायेत म्हनून अजून कमी केले?"

"नियम आहे बाई."

"उपाशी मानसाच्या ताटातला भात काढून घ्याचा, असा नियम कोनं केला?"

मागची रांग हसली. मलाही हसू येत होतं, पण खुर्चीवर बसून हसता येत नाही. मी म्हटलं, शून्य शिलकीचं खातं करून देतो, दंडाची भानगडच नको. फक्त त्या खात्याच्या एटीएम कार्डावर अपघाताचा विमा कमी असतो. तिनं विमा म्हणजे काय, किती, कोणाला मिळतो, सगळं दोनदोनदा विचारून घेतलं.

"मंग राहू द्या. हजार ठेवतो आमी. आता एक रुपया कापून दाखवा."

पुढे कधीही तिच्या खात्यात हजाराखाली शिल्लक गेली नाही. मी एकदा मुद्दाम पाहिलं होतं.

त्याच महिन्यात तिचा नवरा कार्ड न्यायला आला. उंच, अबोल माणूस, अंगावर धानाचा भुसा. सगळ्यांना सांगायचो तेच मी त्यालाही सांगितलं, "जपून ठेवा." त्यानं ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून चाचपून पाहिलं.

धान निघायच्या दिवसांत पोत्यांची ट्रॉली उलटली. तो खाली सापडला.

तिनं विम्याचे कागद एकटीनं गोळा केले. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ग्रामपंचायतीचा दाखला, एकही कमी नव्हता. दोन महिन्यांनी वरून उत्तर आलं आणि ते तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दावा नामंजूर. अपघाताआधीच्या नव्वद दिवसांत कार्ड एकदाही वापरलेलं नव्हतं. ही अट मी त्यांना सांगितली नव्हती. खरं सांगायचं तर मलाच ती धड ठाऊक नव्हती.

"वापरलं नाई म्हंजे?"

"एटीएममधून पैसे काढायला हवे होते. निदान एकदा."

"ते पाकीट त्यायनं उघडलं बी नाई साहेब. पोरीच्या मार्कशीटसंग पेटीत ठेवलं होतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगतलं होतं ना, जपून ठेवा म्हनून?"

मी ते पत्र काउंटरवर उलटं ठेवलं.

"त्यायनं ठेवलं."

मला वाटलं, आता ही रडेल, आरडाओरडा करेल. खरं तर तिनं करावा असंच मला वाटत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "एक कागद घ्या. तुमच्या सगळ्या अटी लिवा. मराठीत, मोठ्या अक्षरात. एक बी सोडू नका."

मी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे लिहून दिलं. हजार रुपये शिल्लक. नव्वद दिवसांत एकदा कार्ड. वारसाचं नाव. तिनं त्याला कुरखेड्यातच प्लास्टिक चढवून घेतलं आणि गावच्या विहाराच्या दाराशी लावलं. माझं वेडंवाकडं अक्षर आजही तिथं लटकतं आहे.

मग सुरू झाली ती रांग.

सकाळी दोन ऑटो भरून गाव उतरायचं. बाया जास्त, आणि त्यांनी ओढून आणलेले काही नवरे. आधी सगळे एटीएमपुढे. प्रत्येकानं शंभर रुपये काढायचे. मग तेच सगळे आत माझ्या काउंटरवर, आणि तेच शंभर रुपये परत भरायचे, म्हणजे हजाराला धक्का नको. चाळीस माणसं, चाळीस नोटा, चाळीस स्लिपा. निम्म्या स्लिपा मीच भरायच्या. सगळ्यांच्या पुढे ही, आणि एकेकाला तिचा ठरलेला प्रश्न, "कार्ड चालवलं काय?"

दर तिसऱ्या पौर्णिमेला हे चालायचं. पौर्णिमाच का, असं मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तारखा आमच्या ध्यानात राहात नाई. पौर्निमा राहाते. विहारात तं येतेच मानूस. अन् तीन पौर्निमेत नव्वद दिवस भरतच नाई, मोजून पाहा."

मी घरी जाऊन कॅलेंडर काढलं. अठ्ठ्याऐंशी, फार तर एकोणनव्वद. सुट्टी आली तर ती एक दिवस आधी यायची, नंतर कधीच नाही.

त्या दिवसाचा मला फार राग यायचा, हे कबूल करतो. एकदा तर त्यांना पाहून मी अर्धा तास आधीच "जेवणाची वेळ" अशी पाटी लावली. तिनं पाटी वाचली, सगळ्यांना माझ्या काउंटरसमोर फरशीवर बसवलं आणि डबे उघडायला लावले. "आरामात जेवा साहेब. आमचं बी होते." साऱ्या शाखेत जवसाच्या चटणीचा वास. थोड्या वेळानं काचेखालून एका झाकणात भात आणि चटणी आत आली. मी खाल्ली. पाटीही काढली.

नवे मॅनेजर आले, त्यांना हा प्रकार सहन होईना. ते केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "भरायचेच आहेत तर काढता कशाला? वेळ जातो आमचा. दुकानात कार्ड घासा ना!"

"दुकानदार कार्डाचे वरून पैसे मागते. ते तुमी देसान का?"

मॅनेजर केबिनकडे वळले.

"साहेब, हजाराखाली गेलं तं तुमी कापता. कार्ड नाई चालवलं तं मेल्यावर देत नाई. दोन्ही अटी तुमच्या, अन् दोन्ही आमी पाळून राह्यलो. तिसरी असन तं ते बी लिवून द्या, पाळतो." मग ती माझ्याकडे वळली. "हां, मोजून घ्या."

त्या रांगेत एक तरुण नवरा असायचा. बायको त्याला दर वेळी मनगट धरून आणायची आणि तो दर वेळी कुरकुरायचा. बाजारातून परतताना मोटरसायकलवरून पडून तो गेला. त्याच्या बायकोबरोबर आमची बाई आली. सगळे कागद तिनंच लावले होते, पाठ असल्यासारखे. या वेळी दावा मंजूर झाला.

"कार्ड कोनत्या दिवशी चालवलं होतं, ते लिवलं हाय का?" तिनं विचारलं.

मी तारीख वाचली. पौर्णिमेची होती.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचली. ती बाहेर गेली आणि शाखेच्या पायरीवर बसली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावलो. पदर तोंडात धरून ती रडत होती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. मी दारातून परत फिरलो, याची मला अजून लाज वाटते.

मागच्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. मला कळलं नाही. तिसरी पौर्णिमा आली, ऑटो आले, रांग लागली, आणि पुढे दुसरीच बाई होती. तिनं नोट ठेवली, वर तळहात दाबला. मी विचारलं आणि तिनं सांगितलं. मग म्हणाली, "मोजून घ्या साहेब." त्या दिवशी मी चाळीस नोटा एकेक करून मोजल्या.

रांगेच्या शेवटी तिची मुलगी उभी होती. चंद्रपूरला नर्सिंग शिकते. आईचं खातं बंद करायला आली होती. शिल्लक हजाराच्या वरच होती. तिनं दोन कार्डं काउंटरवर ठेवली. एक आईचं, घासून घासून आकडे पुसट झालेलं. दुसरं बंद पाकिटात, अजून कोरं.

नियमाप्रमाणे कार्ड कापावं लागतं. आईचं मी कापलं. मग पाकिटाकडे हात नेला, तर मुलीनं त्यावर तळहात ठेवला.

"हे कापू नका. आईनं सांगतलं होतं, बाबाचं कार्ड साहेबाच्या हातात दे."

मी मान वर केली. तेव्हाच तिनं हात उचलला.

"अन् म्हन, जपून ठेवा."