उसाकडे तोंड केलेला कॅमेरा

प्रवासवर्णन लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आपल्या वार्षिकांकात दरवर्षी कुणी ना कुणी केरळबद्दल, राजस्थानबद्दल, निदान महाबळेश्वरबद्दल लिहितं. मी गेलो तो गंगापूर तालुक्यात, मावशीकडे. चिकलठाण्याहून सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथं पोचता येतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे असं लिखाण कसं करतात हे विचारायलाही घरी कुणी नाही. शुद्धलेखनाच्या चुका सर दुरुस्त करतील. बाकीच्या वाचकांनी पोटात घालाव्यात.

माझ्यासोबत या प्रवासात एक कॅमेरा होता. डोंगर-देवळं टिपायचा नव्हे, घराला लावायचा. पांढरा, मोसंबीएवढा, मान वळवणारा. समोर काही हललं की तो आपोआप चित्रण सुरू करतो आणि नेट असेल तर आपल्या फोनवर घंटी वाजवतो. आमच्या गल्लीत रात्री गाडीतलं पेट्रोल चोरीला जायचं म्हणून मी तो घेतला होता. मोबाइलच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी काम करतो, तिथं स्वस्तात मिळाला. त्यात चोर कधी सापडला नाही. शेजारच्यांची मांजर मात्र रोज सापडायची.

दिवाळीनंतर मावशीचा फोन आला. माझी मावसबहीण कोमल बारावीला आहे, गंगापूरला कॉलेजात जाते. काकांनी तिचं जाणं बंद केलं होतं. उसात बिबट्या आलाय म्हणून. वस्तीपासून एसटीच्या फाट्यापर्यंतची पाऊलवाट उसातूनच जाते. "ऊस तुटला की बघू," असं काकांचं म्हणणं. पण तोडणीची टोळी तिकडे येईपर्यंत कोमलची परीक्षा होऊन गेली असती.

आईनं दोन दिवस तोच घोर लावून घेतला. मग बाबाच म्हणाले, "तुझा त्यो कॅमेरा घेऊन जा. मांजर दिसती त्याच्यात, तं बिबट्या नाय दिसनार?"

मध्यवर्ती बसस्थानकावरून गंगापूरची एसटी मिळाली. वाळूजच्या कंपन्या मागे पडल्या की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस सुरू होतो. वेचणी चालू होती. बायकांनी कमरेला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या होत्या. गंगापूरला उतरून मी पुढच्या गावाची जीप धरली. दहाजणांच्या जागेत आम्ही किती होतो ते ड्रायव्हरच जाणे. माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे एक म्हातारी सारखी बघत होती.

"काय हाये रे त्याच्यात?"

"कॅमेरा आहे, आजी."

"लग्नाची शूटिंग काढतो व्हय?"

"नाही, घराला लावायचा आहे."

"घराचं लगीन हाये म्हन की," ती म्हणाली आणि सगळी जीप हसली. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "एवढ्याशा डब्यात कोन मावनार भाऊ, नवरदेव का नवरी?" मीही हसलो. बिबट्याचं नाव काढायचा धीर झाला नाही. सगळ्यांनाच त्या वाटेनं घरी जायचं होतं.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन होतं, तरी त्या पाऊलवाटेवर पाय टाकताना मी दोनदा थांबलो, हे कबूल करतो. ऊस डोक्याच्या वर गेलेला. वारा नसतानाही पानं कशाला तरी घासत असतात. मध्ये एक चारी (कालव्याचा छोटा फाटा) ओलांडावी लागते, मग धुरा (दोन शेतांमधला बांध), आणि मग एकदम कडुनिंब आणि मावशीचं पत्र्याचं घर.

मावशीनं येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची पातळ, झणझणीत आमटी भाकरीवर ओतून खातात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसं कोमल म्हणाली, "शहरात राहून दादा लई नाजूक झाला गं." एवढंच ती हसून बोलली. नंतर पुस्तक घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसली. प्रयोगवही तिच्या पायाशी उघडी होती आणि मैत्रिणीनं फोनवर पाठवलेल्या फोटोवरून ती आकृत्या उतरवत होती.

संध्याकाळी काका आले. मी खोकं उघडलं. काकांनी पायजमा झटकला, टोपी सरळ केली आणि कॅमेऱ्यासमोर हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले. बराच वेळ झाला.

"निघाला का फोटू?"

"काका, हा फोटोचा नाही. हा चालूच असतो. तुम्ही हलत राहा."

"हललं तर बिघडतो की," काका म्हणाले आणि आणखी ताठ झाले.

कोमल पुस्तकाआड हसत होती. मग मी हिय्या करून विषय काढला. काका, मी आहे तोवर याच्यात बिबट्या दिसला नाही, तर कोमलला पाठवाल का?

काकांनी उसाकडे पाहिलं. "नाय दिसला तर सोडतो पोरीला. जबान देतो."

मी ठरवलं होतं, हे काम करूनच परत जायचं. ओसरीच्या खांबाला कॅमेरा बांधला, त्याचं तोंड पाऊलवाट आणि उसाच्या कडेकडे केलं. वस्तीवर रेंज नसते. कडुनिंबाच्या वरच्या फांदीला पिशवीत फोन टांगून ठेवला तरच थोडी मिळते, आणि ती माहिती फक्त कोमलला. चित्रण मात्र कॅमेऱ्यातल्या कार्डावर साठतं.

पहिल्या सकाळी कार्ड गच्च भरलेलं होतं. मी घाईनं ते फोनवर लावलं. पाहतो तर सगळीकडे एक पांढराशुभ्र गोळा, इकडून तिकडे हलतोय. मागे मिट्ट काळोख. कितीही पुढे नेलं तरी तोच गोळा. बाहेर जाऊन पाहिलं, तर कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर लिंबू-मिरची टांगलेली. कॅमेऱ्याचा रात्रीचा उजेड लिंबावर आपटून परत येत होता, आणि वाऱ्यानं लिंबू हललं की चित्रण सुरू होत होतं.

"मावशी, हे कुणी बांधलं?"

"म्या. नवी वस्तू हाये, नजर नको लागाया."

"अगं, नजर त्यालाच लावायची आहे ना!"

मावशीनं थोडा विचार केला आणि लिंबू-मिरची खांबाच्या मागच्या खिळ्याला बांधली. काढली नाही.

दुसऱ्या रात्री वीज गेली. शेतीच्या लाइनीचं असंच असतं. मग मी मित्राची मागून आणलेली पॉवर बँक जोडली. त्यापुढच्या रात्री कुत्रं दिसलं, मुंगूस दिसलं, पहाटे बांधावरून जाणारे शेजारचे आबा दिसले. ते धोतर सावरत उसाकडे का चालले होते हे सगळ्यांना कळलं. मावशीनं पदरात तोंड लपवलं आणि मी ते चित्रण लगेच पुसलं.

कोमलनं दप्तर झटकून ठेवलं. माझी परत जायची वेळ आली होती. फक्त एक रात्र उरली होती.

त्या शेवटच्या सकाळी कार्ड पाहायला आम्ही दोघंच बसलो, कोमल आणि मी. कुत्रं भुंकून आत पळालेलं दिसलं. मग बराच वेळ काही नाही. मग उसाच्या कडेतून तो बाहेर आला. घाई नव्हती. पाऊलवाटेवर उभा राहिला, मान वळवली, आणि त्याचे डोळे दोन दिव्यांसारखे आमच्याकडे चमकले. मग शेपटी वर करून वाट ओलांडून चारीकडे निघून गेला.

मग कोमल हळूच म्हणाली, "दादा, पुसून टाक."

"कोमल..."

"आबाचं पुसलं ना? तसंच हे पुस. काय फरक पडतो?"

माझं बोट पुसायच्या बटणावर होतं. खरं सांगतो, मला ते दाबायचं होतं. तिचं अख्खं वर्ष त्या एका बोटात आहे असं वाटत होतं. पण ज्या वाटेवर तो उभा होता, त्याच वाटेनं ती दुसऱ्या दिवशी चालणार होती.

"नाही पुसणार," मी म्हणालो.

"मग कशाला आला होतास?" ती म्हणाली आणि आत गेली.

काका दात घासत होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिलं. परत लाव म्हणाले. परत पाहिलं. तोंडातलं पाणी थुंकायचंही विसरले होते. शेवटी थुंकून म्हणाले, "म्हंजी, हाये का काय खरंच?"

मला आधी कळलंच नाही. पण कोमल दारात येऊन उभी होती.

"म्हंजी? तुमाला म्हाईत नव्हतं?"

काकांनी हातानं तोंड पुसलं.

"लोकं म्हनत होते," ते म्हणाले. "मला वाटलं, असंल कुत्रंबित्रं."

चुलीपाशी मावशी ताठ झाली. "आन् मग पोरीला कामून बसिवली एवढे दिस? त्या पाव्हन्याला शब्द द्यायचा म्हून?"

लग्नाची मागणी घालायला कुणी पाहुणा येऊन गेला होता हे मला तेव्हा कळलं. कोमलला माहीत असावं. तिनं मान खाली घातली नाही, उलट वडलांकडे सरळ पाहत राहिली. काकांनी टोपी उचलली, घातली, परत काढली. एवढा मोठा माणूस, पण त्यांना कुठं बघावं ते कळेना.

दुपारी मी ते चित्रण घेऊन गावात गेलो, तिथून वनरक्षकांना फोन लागला. ते आले, ठसे पाहिले. शांत माणूस होता. म्हणाले, "जनावर रात्रीचं फिरतंय. शेळ्या आत बांधा. दिवसा जाताना एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं बोलत जा, हातात काठी ठेवा. शाळा-कॉलेज बंद करायचं कारण नाही." शेवटचं वाक्य त्यांनी काकांकडे बघून म्हटलं नव्हतं, पण काकांनी मान हलवली. जाताना ते म्हणाले, "हा कॅमेरा राहू द्या इथंच. कामाचा आहे."

म्हणून मी परतलो तो रिकामं खोकं घेऊन. काका फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटभर काठी आपटत पुढे चालले. एसटी दिसली तेव्हा मी विचारलं, "काका, कोमलचं काय?"

"बघू," ते म्हणाले.

चिकलठाण्याला आल्यावर आई रोज विचारायची. मावशीचा फोन लागत नव्हता. पहिला आठवडा गेला. मला वाटू लागलं, पुसलं असतं तर बरं झालं असतं. प्रवास करणारे लोक परत आल्यावर काय मिळवलं ते लिहितात. मी इथं थांबून बराच विचार केला, तर मला एवढंच सांगता येतं, की मी एक खरी गोष्ट दाखवायला गेलो होतो आणि ती माझ्या मनाविरुद्ध निघाली. ती पुसली नाही हे बरोबर की चूक, ते मला ठरवता येत नव्हतं.

आणि मग काल सकाळी, कॉलेजला जायला जालना रोडवर बससाठी उभा असताना, खिशात फोनची घंटी वाजली. कॅमेऱ्याची होती. म्हणजे कॅमेऱ्याला नेट मिळावं म्हणून कुणीतरी फोन कडुनिंबाला टांगला होता, आणि ते कसं करायचं हे एकीलाच माहीत आहे.

मी चित्रण उघडलं. सकाळचं ऊन, त्यामुळे पहिल्यांदाच सगळं रंगीत. कोपऱ्यात मावशीच्या मिरचीचं टोक हलत होतं. ओसरीतून आधी काका निघाले, हातात काठी. मागून दप्तर घेतलेली कोमल. अंगणाच्या मध्यावर काका थांबले, कॅमेऱ्याकडे वळले, टोपी सरळ केली आणि हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले.

"विशाल," ते मोठ्यानं म्हणाले, "हिला फाट्यापस्तोर घालून येतो. सांजच्यालाबी आनाया जाईन. तुझ्या आईला सांग."

एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. हलेनात.

"बाबा, निघालं ते," कोमल पुढे जाता जाता ओरडली. "चला आता, एसटी जाईल."