बाकाकडचा पडदा

"आधी तुमी बघा, मग मी छापतो," असं म्हणत तो कॉम्प्युटरचा जड मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून गिऱ्हाइकाकडे वळवायचा, भरलेला हंडा फिरवावा तसा. दर वेळी मागची वायर ढिली व्हायची, पडदा गुलाबी पडायचा, आणि नवरदेवाचा बाप घाबरून विचारायचा, "पत्रिका ह्याच रंगाची येनार का?"

भोरमध्ये माझा छापखाना होता. हाताने जुळवायचे शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्याला ठेवलं. भोरातल्याच मुसलमान घरातला, तिशीतला माणूस. स्वस्थ बसणं त्याला जमत नसे. टाइप करतानाही एक पाय दाराकडे. तुमच्या घरची पत्रिका तेव्हा आमच्याकडे झाली असेल, तर तो तुम्हाला आठवेल.

एकदा तो पुण्याहून जुना मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीतून आला.

"एक आहे की. दुसरा कशाला?"

"एक माझ्यासाठी, काका. एक ज्याच्या घरचं लगीन त्याच्यासाठी."

कॉम्प्युटरचा डबा उघडून त्याने आत दुसऱ्या पडद्याचं कार्ड बसवलं, पडदा गिऱ्हाइकांच्या बाकाकडे तोंड करून मांडला. तो काळाच राहिला. दिवसभर हा टेबलाखाली. वायरी काढतोय, लावतोय, मला वरून माउस हलवायला सांगतोय. संध्याकाळी माझ्या पडद्यावरचा बाण अचानक नाहीसा झाला. बाकावर गाडीची वाट बघत हिर्डोशीचे एक आजोबा टेकले होते. ते शांतपणे म्हणाले, "आवो, तुमचा बाण हिकडं आलाय."

उठण्याच्या घाईत त्याने डोकं आपटून घेतलं, आणि तसाच हसत राहिला.

मग तो ताट सरकवावं तशी पत्रिका त्या पडद्यावर सरकवायचा, आणि बाकावर भावकीत जुंपायची. "माझं नाव धाकल्याच्या खाली व्हय?" एकेका पत्रिकेत सकाळ जायची. मी धुसफुसायचो. तो म्हणायचा, "भांडू द्या, काका. हितं भांडले तर मांडवात न्हाई भांडायचे."

ऐन लग्नसराईत तो भाटघरला बहिणीकडे गेला. मार्गासनीची मंडळी आली होती. मी बाकाकडचा पडदा बंद केला, वर फडकं टाकलं, आणि स्वतः बसलो. आमची रीत अशी की जुनी पत्रिका उघडायची आणि तिच्यावरच नवी नावं चढवायची. नावं मी सगळी बदलली. नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधीचं जुनं 'कै.' तेवढं राहिलं.

पत्रिका वाटून झाल्यावर मार्गासनीचे ते आजोबाच काठी टेकत आले.

"म्या कवा मेलो, ते इचारायला आलोय."

दुकान भरलेलं होतं. लोक हसले. तो बहिणीकडून नुकताच परतला होता. त्याने पडद्यावरचं फडकं पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, सांगा ह्यांना."

"त्याच्याकडून राहिलं असेल," मी म्हणालो.

त्याने फडकं काढलं, पडदा लावला. "बाबा, आधी तुमी बघा," म्हणाला, आणि नव्या पत्रिका करून दिल्या. सराई संपताच त्याने काम सोडलं. बाजारात पोरंटोरं त्याला 'जित्याला मारणारा' म्हणायची. पुढे महामार्गाकडे त्याने दुकान टाकल्याचं कळलं, मग ते बंद झाल्याचं. आता कुठे आहे, भोरात कुणालाच सांगता येत नाही.

दोन पडद्यांची युक्ती लोक माझी समजले. मी समजू दिलं. एकदा धीर करून मार्गासनीला सांगायला गेलो, तोवर पत्रिकेतलं खरं झालं होतं.

म्हणून इथे लिहितो. दोन पडदे त्याचे. ती पत्रिका माझी.

तो गेल्यावरही मी दुसरा पडदा हलवला नाही. टाइप करताना मधेच बाण नाहीसा व्हायचा. मी माउस सोडून थांबायचो, बाकावरून कुणी सांगेल म्हणून.