त्या फोटोतली बाई

ईश्वर तळभंडारे यांचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. उभा जन्म त्यांनी होटगीच्या बाजूला रुळांची देखभाल करण्यात घालवला, पहाटेच्या काळोखात हातात बत्ती घेऊन एकट्यानं चालले, आणि वाटेत त्यांना भेटलं ते फार तर एखादं मोकाट कुत्रं. म्हणून मागच्या गल्लीतला शिवशरण भुताच्या सिनेमासाठी त्यांचं घर मागायला आला, तेव्हा ईश्वरअण्णा हसले आणि घे म्हणाले. त्या होकारावर पुढे ते किती चडफडले, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

शिवशरण लग्नांचे व्हिडिओ काढायचा. त्यातून साठवलेल्या पैशांवर त्यानं सिनेमाचा घाट घातला होता. नाव ठेवलं ‘मधली खोली’. भुताचं काम त्याच्या आतेभावाकडे; अंगाला पांढरी साडी गुंडाळायची आणि तोंडाला पावडर फासायची, एवढाच त्याचा मेकअप. बुधवार पेठेतल्या अण्णांच्या घराची मधली खोली अरुंद, तिला खिडकी नाही, भिंतींचा रंग उडालेला. पोरांना ती बघताक्षणी आवडली. घराची कळा गेली की ते सिनेमावाल्यांना आवडतं, हे अण्णांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवली, धुतलेल्या चादरीत गुंडाळली आणि कपाटात ठेवली. जिथं भुताचा धिंगाणा चालणार, तिथं त्यांना कशाला टांगून ठेवायचं? भिंतीवर राहिला एक मीनाबाईंचा फोटो. मीनाबाई म्हणजे अण्णांची बायको. नात जन्मायच्या आधीच ती गेली होती. शिवशरणनं विचारलं, अण्णा, हापण काढून ठेवू का? अण्णांनी नको म्हणून सांगितलं. सिनेमाची तिला भारी हौस. घरात चार माणसं आलेली असताना घरच्या बाईला कपाटात कोंडायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. झालं, थोरांना त्यांनी जपलं आणि आपल्या माणसाला भुतांच्या हवाली केलं.

सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा मुलगा रत्नदीप, सून, नात बुद्धप्रिया, सगळे दाटीवाटीनं बसून बघायला लागले. आपलं दार, आपला माठ, आपली कॉट बघून आधी सगळ्यांनाच मौज वाटली. मग अचानक पडदाभर मीनाबाई आल्या. खालून लाल उजेड सोडलेला, मागे कोणीतरी कण्हत असल्यासारखं संगीत, आणि कॅमेरा हळूहळू त्यांच्या डोळ्यांत शिरत चाललेला. गोष्ट अशी होती की, त्या घरातली मेलेली बाई आपल्या जागेवर कोणाला राहू देत नाही. आणि ती मेलेली बाई म्हणजे या मीनाबाई. हे अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं. पुसलंही नव्हतं.

त्यानंतर सुरू झाली लोकांची मतं. आजकाल मत द्यायला ना अक्कल लागते ना ओळख. सिनेमाच्या खाली रकाना असतो, तिथं ज्याला जे वाटेल ते लिहावं. भुताची तर लोकांनी पार रेवडी उडवली. ‘पावडरचा डबा संपला असेल बिचाऱ्याचा.’ ‘भुताच्या पायात स्लीपर दिसते.’ पण फोटोपाशी सगळ्यांचं एकमत. ‘सिनेमा टुकार, पण भिंतीवरच्या बाईनं झोप उडवली.’ ‘तिचे डोळे बघा, माणसाचे नाहीत.’ ‘ओठ असे आवळलेत की आत काहीतरी लपवलंय.’ एकानं लिहिलं होतं, नवव्या मिनिटाला बाई पापणी हलवते, नीट बघा. त्याच्याखाली कितीतरी जणांनी शपथेवर सांगितलं की, त्यांनी ती हललेली पाहिली. आणखी एक शहाणा विचारत होता, ‘एवढी भयानक बाई कुठून शोधून आणली?’

अण्णा चष्मा लावून एकेक वाचायचे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्यांनी तिला कधी बघितलं नाही, तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही, ते तिच्या तोंडाबद्दल निकाल देत होते. रत्नदीप म्हणाला, बाबा, नका ना वाचू, लोक काय, उद्या विसरतील. अण्णांना त्याचाही राग आला. आईबद्दल चाललंय आणि हा गडी म्हणतो, विसरतील.

पण खरा घाव पुढेच होता. बुद्धप्रिया शाळेला निघताना रोज मधल्या खोलीत जायची आणि फोटोला ‘आजी, येते’ म्हणायची. आजी तिला माहीत होती ती त्या फोटोपुरती. सिनेमा बघितल्यापासून ती त्या खोलीत पाऊल टाकेना. दप्तर आत राहिलं तर आईला आणायला लावायची. शाळेतल्या मुलींनी तिला विचारलं होतं, तुझ्या घरी ती बाई रात्री खाली उतरते का? एके दिवशी तिनं अण्णांना हळूच सांगितलं, “आजोबा, तो फोटो दुसऱ्या कुणाच्यातरी घरी ठिवा की.” अण्णा उठले. चप्पल घातली आणि तडक शिवशरणच्या घरी गेले.

शिवशरण त्यांना बघून खूश झाला. म्हणाला की, सिनेमातली काकूच लोकांना सगळ्यात जास्त आवडली, दुसरा भाग काढा म्हणतात. अण्णांनी सांगितलं, तेवढा फोटो त्यातून काढून टाक. त्यानं मान खाजवली. फोटो काढला तर सिनेमात राहतं काय, असं त्याचं म्हणणं. मग जरा विचार करून त्यानं तोडगा सुचवला, चेहरा धुरकट करून टाकतो, कोणाला ओळखू येणार नाही.

“म्हंजी तिला पुसून टाकतो म्हणतोस,” अण्णा म्हणाले आणि उठून आले.

मीनाबाई गेल्या तो दिवस, म्हणजे त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, त्याच आठवड्यात होता. दरवर्षी घरात हा कार्यक्रम व्हायचा. मधल्या खोलीत फोटोसमोर मेणबत्त्या लागायच्या, बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील म्हणवून घ्यायचे, मग येईल तो दोन फुलं वाहायचा आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचा. अण्णा कधी बोलत नसत. रुळांवर काम करणाऱ्याला बोलायची सवय कुठली, म्हणून ते दरवेळी हात जोडून बसत. यंदाही गल्लीतली माणसं आली. शिवशरणही आला, नव्या कपड्यांत, जणू त्याच्याच सिनेमाचा सत्कार होता. बुद्धप्रिया स्वयंपाकघराच्या दारातून पुढे सरकेना. आईनं हातात फुलं दिली तर तिनं ती तिथंच उंबऱ्यावर ठेवली.

ते बघून अण्णा उभे राहिले. खिशातून रत्नदीपचा मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि लोकांची मतं मोठ्यानं वाचायला लागले. टुकार सिनेमा, झोप उडाली, भयानक बाई, सगळं. रत्नदीप उठून त्यांचा हात धरायला गेला, तर त्याला त्यांनी खाली बसवलं. खोलीत कोणाला कुठे बघावं ते कळेना.

“हा एक कोण हाय, म्हणतो, डोळे माणसाचे न्हाईत,” अण्णा म्हणाले. “ही अंगणवाडीत कामाला हुती, तितल्या कार्डाला फोटो पायजे हुता. स्टुडिओवाला म्हणला, पापणी लवू द्यायची न्हाय. हिनं लवू दिली न्हाय. सांगितलेलं काम ती तसंच करायची. ह्यो दुसरा म्हणतो, तोंडात कायतरी लपवलंय. व्हय, लपवलंय की. पुढचा दात पडला हुता तिचा. त्या टायमाला नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. सगळ्यांना सारखं पाणी मिळावं म्हणून ही भांडायला गेली आन् घागर बसली तोंडावर.” मग ते शिवशरणकडे वळले. “हे तू इचारलं असतंस, तर सांगितलं असतं. तू इचारलंच न्हाईस.”

शिवशरणनं मान खाली घातली.

“अण्णा, खोटं का बोलतावं?” मागून आवाज आला. समोरच्या घरातली मायाक्का भिंतीला टेकून बसली होती. ती अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, वयानं मीनाबाईंच्याच बरोबरीची. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. “ती घागर माजी हुती. सारखं पाणी-बिणी काय न्हाय. तिनं माजा नंबर मोडला, वर माजीच वेणी धरली. मग म्या दिली एक. दवाखान्यात बी म्याच नेलं तिला. वाटंत तोंडाला पदर लावून रगत पुसत हुती आन् मला शिव्या देत हुती.”

आधी कोणीतरी तोंडाशी हात नेला, मग सगळी खोलीच हसायला लागली. गेलेल्या माणसाच्या कार्यक्रमात हसू नये म्हणून बौद्धाचार्य खाली बघत होते, पण त्यांचेही खांदे हलत होते. अण्णांना आधी राग आला. इतकी वर्षं त्यांना मीनाबाईंनी भांडणाची जी हकिकत सांगितली होती, ती अगदी वेगळी होती. मग त्यांना वाटलं, आपलीच बाजू सांगेल ती, सांगणारच. आणि तेही हसले.

“कुठला दात?”

बुद्धप्रियानं विचारलं होतं. ती दारातच होती, पण एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता. मायाक्कानं तिचा हात धरला आणि तिला सगळ्यांच्या मधून फोटोपर्यंत नेलं. पोरगी मधेच थबकली तर मायाक्का तिच्याबरोबर थांबली, ओढलं नाही. मग मायाक्कानं काचेवर, मीनाबाईंच्या मिटलेल्या ओठांवर, डाव्या अंगाला आपलं बोट ठेवलं.

शिवशरणनं चटकन मोबाइल काढून वर धरला. असं दृश्य पुन्हा मिळणार नाही, हे त्याला कळत होतं. अण्णांनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले.

“हे आमच्या घरातलं हाय,” ते म्हणाले.

बुद्धप्रियानं मायाक्काच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि विचारलं, लई दुखलं असेल का गं आजीला?