चुलवाणापुढचा माणूस

मिरजेच्या दवाखान्यात, भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर तो माझ्या शेजारी बसायचा. गुऱ्हाळावर गुळाच्या कढईखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं टाकायचं त्याचं काम. वॉर्डाचं दार उघडलं की तो जाळापुढं असल्यासारखं तोंड फिरवायचा, हात डोळ्यांवर आडवा धरायचा. सवयच ती. चुलवाणाच्या भडक्यात भाजलेली त्याची बायको आत होती.

वेळ जाईना म्हणून मी त्याला मोबाइलवरची बातमी सांगितली. आकाशगंगेच्या मधोमध एक अवाढव्य कृष्णविवर आहे, आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूचा मधूनच भडका उडतो.

"कुणी ढकललं आत?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही हो. आपोआपच भडकतो."

तो खाली बघत म्हणाला, "मीबी पोलिसास्नी त्येच सांगितलं."

दार उघडलं. त्यानं तोंड फिरवलं. या खेपेला मला ती सवय वाटली नाही.