मामाचं निधन आणि नवव्या होलचं गवत

मामाला मी मारलं. कागदावरच, पण छापील कागदावर आणि दोन हजार प्रतींत.

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. गावाबाहेरच्या छोट्या गोल्फच्या मैदानावर तो एकतीस वर्षं माळी होता. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्या होलभोवती जी अगदी बारीक कापलेली हिरवळ असते तिला तिथं ग्रीन म्हणतात. नऊपैकी आठ ग्रीन मोठ्या मशीनवर बसून कुणीही कापायचं. नववं मात्र मामाचं. भल्या सकाळी, दव असतानाच, ढकलायच्या जुन्या मशीननं, बरोबर चार मिलिमीटरवर. एखाद्या दिवशी साडेतीन झालं तर तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. तसा तो एरवीही बोलत नसे, त्यामुळे फरक कुणाला कळायचा नाही.

मैदानावर खेळणारे कमी होत चालले होते. मामानं शब्द टाकला म्हणून मॅनेजरनं मला जाहिराती लिहायला घेतलं. मॅनेजर नुकताच दोन दिवसांचं शिबिर करून आला होता. "लोकांना मैदान नको असतं, गोष्ट हवी असते," तो म्हणाला. मी मामाची गोष्ट लिहून दिली. त्यानं ती मन लावून वाचली.

"छान आहे. हा माणूस आता कुठे असतो?"

"खिडकीबाहेर. पाइप गुंडाळतोय."

"जिवंत माणसानं डोळ्यांत पाणी येत नाही," मॅनेजर म्हणाला.

मी भांडायला हवं होतं. नोकरीला तीन आठवडे झाले होते, मी मान डोलावली. त्याची लाज मला अजून वाटते.

पत्रक छापून आलं. 'नवव्या ग्रीनवर अखेरचा श्वास घेणारा माळी. त्याची मशीन आजही तिथं उभी आहे.' वर मामाचा फोटो. संध्याकाळी मी ते घेऊन मामाच्या घरी गेलो. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. "अगं बाई, मला कुणी कळवलंसुद्धा नाही," ती म्हणाली आणि पुढची घडी घातली. मामानं चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं.

"नंतर नवव्याचं गवत कोण कापतं, ते लिहिलं नाहीस."

"गोष्टीत ते लागत नाही, मामा."

त्यानं पत्रकाची घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.

पत्रक चाललं. दर शनिवारी सकाळी दहा वाजता माणसं माझ्या तोंडून गोष्ट ऐकायला येऊ लागली, त्यातली निम्मी खेळायलाही लागली. मामाची मशीन नवव्या ग्रीनशेजारी दोरीच्या आत उभी केली. मामाची रवानगी मागच्या गोदामात झाली. कुणी विचारलंच तर आपण दिवंगतांचे भाऊ आहोत असं सांगायचं, असं मॅनेजरनं बजावलं.

"मला भाऊ नाही," मामा म्हणाला.

"आता आहे," मॅनेजर म्हणाला.

नववं आता मोठ्या मशीननं कापलं जायचं. वळणावर तिनं गवत मुळापर्यंत खरवडलं, कडेला ते बोटभर वाढलं. मामा रोज विचारायचा, "नवव्याचं कसं काय?" मी रोज म्हणायचो, "झकास." माणूस मारून झाल्यावर गवताबद्दल खोटं बोलायला काही जड जात नाही.

पाचव्या शनिवारी मी वीसेक पाहुण्यांसमोर अखेरच्या श्वासापर्यंत पोचलो होतो. मागून कट्‌कट्‌ आवाज आला. दोरी खाली पडली होती आणि मामा ग्रीनवर मशीन ढकलत होता. दहा वाजून गेले होते, दव कधीच उडालं होतं. म्हणजे त्याला अगदीच राहवलं नव्हतं.

एका वयस्कर बाईंनी पत्रकावरचा फोटो पाहिला, मग मामाला पाहिलं.

"अहो, तुम्ही वारलात ना?"

"हो," मामा न थांबता म्हणाला. "पण गवत वाढलं होतं."

कुणी हसलं नाही. सगळे शेवटची ओळ कापून होईपर्यंत उभे राहिले. मॅनेजरचा चेहरा उतरला होता. आम्हा दोघांनाही घरी बसवायचं त्यानं मनात ठरवलंच असावं. पण त्या बाई थेट त्याच्याकडे गेल्या आणि हे पुन्हा कापणार कधी, असं विचारू लागल्या. सोमवारपर्यंत लोकांसमोर गवत कापणं ही मॅनेजरचीच कल्पना ठरली. मामाची एकच अट होती: दहाला गवत कापत नाहीत, ज्यांना बघायचंय त्यांनी सकाळी सहाला, दव असताना यावं.

पुढच्या शनिवारी सहाला पंधरा जण आले. मी घसा साफ करून गोष्ट सुरू करणार, तोच मामानं मशीनचा दांडा माझ्या हातात दिला.

"मी?"

"मारलंस तू," तो म्हणाला. "मग पुढचं कोण करणार?"

मशीन दिसते त्याहून जड आहे. मामा हात मागे बांधून शेजारून चालत होता. "पायाकडे काय बघतोस, समोर होलातल्या झेंड्याकडे बघ." मी झेंड्याकडे बघितलं, तरी ओळ वाकडीच गेली.

संध्याकाळी घरी त्यानं चष्म्याच्या डबीतून ते पत्रक काढलं, मामीकडून पेन्सिल मागून घेतली आणि शेवटच्या वाक्याखाली लिहिलं: 'नंतर गवत भाचा कापतो. ओळ वाकडी येते.'