देव्हाऱ्यातली वाकडी फुलं

माझ्या धाकट्या नणंदेइतकी शिकलेली, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवायला तितकीच गैरसोयीची बाई सगळ्या वसई तालुक्यात दुसरी नसेल. नव्वदच्या दशकात आमच्या माणिकपुरात मुलगी डॉक्टर झाली की लगेच दवाखान्याची पाटी लागायची. हिने बाळंतपणाच्या डॉक्टरची डिग्री घेतली आणि पुन्हा मुंबईला गेली, बायकांच्या कॅन्सरचं शिकायला. शेजारणी काळजीने विचारायच्या, नापास झाली का? हिचं उत्तर तयार असे. “गर्भपिशवी काढणं पुष्कळांना येतं. आजार कुठवर पोचलाय ते ओळखून काय काढायचं, काय ठेवायचं, नंतर औषधं द्यायची की रेडिएशनचा लाईट, हे शिकायला वेळ लागतो.” हे ती पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही ऐकवी.

पाळी हा शब्द आम्ही कुजबुजत उच्चारतो, ती तो रिक्षा स्टँडपर्यंत पोचवायची. हळदीकुंकवाला गेली की वाण हातात पडायच्या आधी घरच्या सासवांची चौकशी सुरू, पाळी गेल्यावर पुन्हा कधी अंगावरून गेलं का? बाजारात एका कोळणीलाही तिने हेच विचारलं. ती म्हणाली, “डाक्तरीन बाय, आदी मासली घे, मंग इच्यार.” हिने बोंबील घेतले आणि विचारलंच. पुढे त्याच कोळणीने आपल्या जावेला धरून हिच्याकडे तपासायला आणलं.

एका श्रावणात सासूबाईंनी गुडघ्यांचं निमित्त करून देवपूजा माझ्यावर सोपवली. त्यांच्या हातचा सोनचाफा देवापुढे कसा ओळीत बसायचा. माझी फुलं चारी दिशांना तोंडं करून. रविवारी नणंद आली, देव्हाऱ्याकडे बघून थबकली आणि पूजा कोणी केली म्हणाली. मी गुडघ्यांचं सांगितलं. त्या वेळी गुडघेवाल्या बाई स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होत्या. हिने त्यांना हात धरून खाली उतरवलं.

“आई, देवाला शिवत नाहीस ते कधीपासून?”

सासूबाईंना शेवटी सांगावंच लागलं. पाळी जाऊन कैक वर्षं झालेली, आता पुन्हा थोडं थोडं जात होतं, आणि त्यांनी ते निमूटपणे विटाळ म्हणून पाळलं होतं. गावभर विचारत फिरणाऱ्या लेकीला सांगायची मात्र लाज वाटली.

कॅन्सरच निघाला, पण पिशवीतल्या पिशवीत होता. ऑपरेशन हिच्या सरांनी केलं. आईच्या पोटावर आपला हात चालणार नाही म्हणाली. बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसून इतका वेळ का लागतोय, इतका वेळ का लागतोय, असं सारखं विचारत होती. मी म्हटलं, शिकायला लागतो तसा करायलाही लागत असेल. ती हसली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

सासूबाई बऱ्या झाल्या, पुढे बरीच वर्षं आपल्या हाताने पूजा करत राहिल्या. आता त्या नाहीत. पूजा माझ्याकडे आहे, आणि माझीही पाळी केव्हाच गेली. नणंद रविवारी येते आणि चपला काढता काढता आधी देव्हाऱ्याकडे बघते. वाकडी फुलं दिसली, म्हणजे पूजा मीच केली, की तिचा जीव भांड्यात पडतो आणि ती चहा मागते.

कधी माझ्या सुनेने पूजा केली तर फुलं सरळ असतात. एव्हाना मलाही ती नीट मांडता येतात. पण रविवारी मी मुद्दाम वाकडी ठेवते.