आत्यावाले, मावशीवाले आणि बटणबाई

देशाच्या सभागृहात कोण बसणार ते जनता ठरवते आणि कोण बोलणार ते सभापती ठरवतात. पण बोललेलं ऐकू येणार की नाही, ते बटणबाईच्या बोटावर असतं. सभागृहाच्या मागच्या भिंतीत, पार वर, काचेची एक चिंचोळी खोली आहे. तिथे कानाला हेडफोन लावून ती बसते आणि पुढ्यातल्या तक्त्यावर प्रत्येक सभासदाच्या माईकचं बटण असतं. सभापतींनी नाव पुकारलं की दाबायचं, ‘खाली बसा’ म्हणाले की सोडायचं. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. एरवी शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची ती बटणबाई.

काम तसं सोपं, पण डोकं उठवणारं. माईक मिळाला नाही की सभासद बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि शेजारच्याच्या चालू माईकमधून ते सगळं बटणबाईच्या कानात ओतलं जायचं. कोणाचा खोकला खरा आणि कोणाचा वेळकाढू, कोण भाषणाआधी पाणी पितो आणि कोण भाषणानंतर शिव्या घालतो, तिला सगळं पाठ. पण जिभेवर कुलूप. सभागृहाच्या नोकराला पक्ष नसतो, मत नसतं आणि खरं सांगायचं तर चहालाही धड वेळ नसतो.

त्या अधिवेशनात मात्र बटणबाईचं अर्धं लक्ष घराकडे होतं. घरी तिच्या भावाची मुलगी होती, खारूताई. पुढचे दोन दात जरा जास्तच पुढे, म्हणून खारूताई. भाऊ आणि वहिनी एकाच अपघातात गेले, तेव्हापासून पोर हिच्याकडे. पण त्या देशाच्या कायद्याने आईबाप गेलेलं मूल सरकारचं. नातेवाइकाकडे राहिलं तरी ते तात्पुरतं, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायची. यंदा बालगृहाच्या अधिकारीबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, “आता वाढ मिळायची नाही. नवा कायदा या अधिवेशनात झाला तर मुलगी कायमची तुमची. नाही झाला तर सोमवारी मी तिला न्यायला येणार. मलाही वाईट वाटतं हो, पण माझे हात बांधलेत.”

नवा कायदा चांगला होता, अगदी दोन्ही पक्षांना हवा होता. तोच तर घोळ! दोघांना हवी असलेली गोष्ट दोघांनी मिळून करायची, यापेक्षा अवघड काम त्या सभागृहात दुसरं नव्हतं. मूल नातेवाइकांना कायमचं द्यायचं, इथवर सगळे एकमुखी होते. पण पहिला हक्क कोणाचा? सत्ताधारी म्हणाले, बापाकडच्यांचा, म्हणजे काका नाहीतर आत्या. विरोधक म्हणाले, छे, आईकडच्यांचा, म्हणजे मामा नाहीतर मावशी. झालं! काका-मामा राहिले बाजूला आणि सगळा देश आत्यावाले आणि मावशीवाले अशा दोन तुकड्यांत फाटला. नाक्यानाक्यावर वाद, न्हाव्याच्या खुर्चीत वाद. एका बँकेत तर आत्यावाला रोखपाल मावशीवाल्या गिऱ्हाइकाला सुट्टे देईना.

आत्यावाल्यांचे पुढारी कॉलरसाहेब. शर्टाची कॉलर इतकी कडक की मान वळवायची तर अख्खं धड वळवावं लागे, त्यामुळे समोरच्या बाकांकडे ते सहसा बघतच नसत. मावशीवाल्यांच्या पुढारी वकीलीणबाई. त्यांचं वाक्य एकदा सुरू झालं की पूर्णविरामाला घाम फुटायचा. “माय मरो पण मावशी उरो!” वकीलीणबाई गरजायच्या आणि त्यांच्या मागची बाकं दणादण वाजायची. आत्यावाल्यांकडे उत्तर म्हणून म्हण नव्हती, हे त्यांचं मोठंच दुखणं. बरीच शोधाशोध करून त्यांना एकच सापडली आणि एक हौशी सभासद ती म्हणूनही गेला, “आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!” त्यावर मावशीवाले बाकांखाली घरंगळेपर्यंत हसले आणि त्या हौशी सभासदाची रवानगी शेवटच्या रांगेत झाली.

आता बटणबाईची पंचाईत बघा. रक्ताने ती खारूताईची सख्खी आत्या. पण खारूताई तिला हाक मारायची ‘मावशी’. कारण वहिनी ही आधी बटणबाईची शाळेतली मैत्रीण, भावाशी लग्न नंतर. पोर झाल्यावर वहिनीने बजावलं होतं, “तू माझी बहीण. नणंदबिणंद मी मानत नाही. माझी लेक तुला मावशीच म्हणणार.” भाऊ हसला, बटणबाई हसली आणि नाव पडलं ते पडलंच. म्हणजे आत्यावाले जिंकले तर कागदावर ती बसत होती, मावशीवाले जिंकले तर हाकेत बसत होती. आणि कोणीच जिंकलं नाही तर सोमवार होताच.

एका बोटाचं काम होतं. वकीलीणबाईंचा माईक ऐन वेळी ‘बिघडला’ असता, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की हा विचार तिला चावायचा. पण सकाळी तक्त्यापुढे बसली की बोट आपलं सरळ. नोकरीचं इमान म्हणा, नाहीतर भित्रेपणा म्हणा.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस शुक्रवार. सकाळपासून नुसता शिमगा. बहुमत आत्यावाल्यांचं, पण त्या गोंधळात मतदानच घेता येईना. सभापती गोलमटोल आणि शांत स्वभावाचे. हातोडा आपटून आपटून त्यांचं मनगट सुजलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, “सभागृह अर्ध्या तासासाठी तहकूब! जा, चहा प्या, डोकी थंड करा!” पण उठतंय कोण? आधी उठेल तो हरला, अशी हवा झालेली. आत्यावाले मावशीवाल्यांकडे बघत बसले, मावशीवाले आत्यावाल्यांकडे. सभापतीही मग लाजेकाजेस्तव खुर्चीतच पाय लांब करून पडले. सभागृह भरलेलं, पण कामकाज बंद. तहकुबीत बोललेलं काही कागदावर येत नाही, त्यामुळे कोणी बोलेनाही. फुकट कोण बोलणार!

बटणबाईने नियमाप्रमाणे तहकुबीत माईकची तपासणी केली. तिच्या खोलीतही एक माईक असतो, “हॅलो, हॅलो” म्हणायला. तेवढ्यात फोन वाजला. कानाला हेडफोन, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. घाईघाईत एक गोष्ट मात्र राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांचे माईक बंद करणारी बाई स्वतःचा बंद करायला विसरली.

“मावशीऽऽ!” खारूताईचा आवाज अख्ख्या सभागृहात घुमला. मावशीवाल्यांनी चमकून वर पाहिलं. “मावशी, त्या ऑफिसातल्या बाई सोमवारचे कागद भरायला आल्यात. विचारतायत, तू माझी कोण लागतेस? आत्या की मावशी, एकच सांग म्हणतात. काय सांगू?”

“आत्या सांग!” बटणबाई म्हणाली. आत्यावाले ताठ झाले. “नाही, नाही, थांब. सकाळपासून मावशीवाल्यांचा आवाज जास्त आहे. मावशीच सांग. अगं पण बहुमत आत्यावाल्यांचं! असं कर, पाणी आणते म्हणून आत जा आणि जरा वेळ काढ.”

“पण खरी कोण आहेस?”

“खरी आत्या. मावशी म्हणायचं ते तुझ्या आईचं खूळ.”

“मग चुकीचं आहे का ते?” पोरीचा आवाज एवढासा झाला. “मला नेतील का त्यामुळे?”

रडायची वेळ आली की बटणबाईचं नेहमी होतं तेच झालं. तिला राग आला. “कोण नेतंय बघते! त्या बाईंना सांग, मी हाक मारते आणि ती ओ देते, एवढंच माझं तिचं नातं. समजलं तर समजलं. इथल्या दीडशहाण्यांना तर सात जन्मांत समजायचं नाही. एक तो ताठ मानेचा नुसता आत्या-आत्या करतोय, दुसरी ती मावशी-मावशी. दोघांनाही तू माझ्याकडेच राहायला हवी आहेस गं, पण दुसऱ्याच्या तोंडून नको! मेले एकदा एका सुरात ‘होय’ म्हणाले, तर यांच्या जिभा झडणार आहेत का?”

आणि मग तिचं लक्ष तिच्या माईकवरच्या लाल दिव्याकडे गेलं.

अगंबाई! तिने झडप घालून बटण बंद केलं, फोन बंद केला, हेडफोन काढून ठेवला आणि जमेल तितकी खुर्चीत बुडाली. गेली नोकरी. नोकरी गेली म्हणजे सोमवारी अधिकारीबाईंना पोर न्यायला आणखी एक कारण. काचेतून खाली बघायची तिची हिंमत होईना.

खाली दोन्ही बाजूंची बाकं काचेकडे बघत होती. मग कॉलरसाहेबांनी अख्खं धड वळवून, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, समोरच्या बाकांकडे पाहिलं.

“वकीलीणबाई,” ते म्हणाले, “‘मेले’ कोणाला म्हणाल्या त्या? तुम्हाला की आम्हाला?”

“‘मेले’ पुल्लिंगी आहे,” वकीलीणबाई ताडकन म्हणाल्या. “त्यात मी येत नाही.”

“पण पुढे ‘यांच्या जिभा’ म्हणाल्या. त्यात येता तुम्ही.”

वकीलीणबाईंनी वाक्य सुरू करायला तोंड उघडलं आणि त्यांना वाक्यच सापडेना. “हो,” त्या म्हणाल्या. “जिभांत येते.”

पहिला हसला तो शेवटच्या रांगेतला मिशावाल्या म्हणीचा सभासद. मग सभापतींचं पोट हलायला लागलं. मग काय विचारता! आत्यावाले, मावशीवाले सगळे एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. कोणी डोळे पुसत होतं, कोणी “ताठ मानेचा!” म्हणून पुन्हा हसत होतं. कॉलरसाहेबांनी कॉलरचं वरचं बटण उघडलं, तर मान खरोखरच वळत होती.

हसू ओसरल्यावर मात्र “मला नेतील का” हे सगळ्यांना आठवलं.

सभापती पुढे सरकले. “आत्याही नको, मावशीही नको,” ते म्हणाले. “‘मुलाच्या हाकेला ओ देणारे नातेवाईक’ असं कायद्यात घालू. मी आसनावरून मांडतो. तहकुबीत ऐकलेलं आहे, ते ना यांचं, ना त्यांचं.”

गंमत तिथेच होती. कॉलरसाहेबांनी सुचवलं असतं तर वकीलीणबाईंनी हाणून पाडलं असतं, वकीलीणबाईंनी सुचवलं असतं तर कॉलरसाहेबांनी. पण वरून, काचेतून पडलेल्या शब्दावर कोणाच्याच पक्षाचा शिक्का नव्हता. तरी कुरकुर झालीच. मागच्या बाकावरच्याने कॉलरसाहेबांना विचारलं, “साहेब, यात आपण काय मिळवलं?” साहेब कुजबुजले, “मावशी मिळू दिली नाही!” पलीकडे वकीलीणबाई आपल्या माणसांना तेच सांगत होत्या, “आत्या होऊ दिली नाही, हे काय थोडं झालं?” दोन्ही बाजू जिंकल्या एकदाच्या.

सभागृह पुन्हा सुरू झालं. बटणबाईने हेडफोन चढवला आणि सभापतींचा माईक लावला. “अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं,” सभापती म्हणाले. खालून असा काही ‘होय’ उठला, की तक्त्यावरचा आवाजाचा काटा लाल पट्टी ओलांडून पलीकडे जाऊन अडकला. दोन्ही बाजूंचा एकच शब्द एकाच वेळी तिने कधी ऐकलाच नव्हता. हेडफोनच्या आत तिला भडभडून रडू आलं आणि ती रडता रडता हसत सुटली.

मग सभापतींनी दालनात बोलावून तिची हजेरी घेतली. “पुन्हा असं झालं तर घरी बसाल, बाई,” ते दरडावून म्हणाले. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी विचारलं, “पोरगी कितवीत आहे?”

घरी पोचली तेव्हा अधिकारीबाई गेलेल्या होत्या आणि खारूताई उंबऱ्यातच उभी होती. बटणबाईने तिला उचलून गरागरा फिरवलं. आता पोर काही एवढीशी राहिली नव्हती, कमरेतून कळ निघाली, पण दोघी फिरल्या. “कायमची!” बटणबाई ओरडत होती. “कायमची, कायमची!” शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या, तर त्यांनाही एक गिरकी मिळाली.

संध्याकाळ झाली, जेवणं झाली. बटणबाईने रोजच्यासारखा दुधाचा पेला भरून खारूताईपुढे ठेवला. या पोरीने आजवर कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. ताटात पडेल ते खायची, सांगितल्या वेळी झोपायची, कपड्यांची घडी न सांगता घालायची. लोक म्हणायचे, किती गुणी मुलगी, आणि बटणबाईची मान ताठ व्हायची.

खारूताईने पेल्याकडे पाहिलं आणि तो दोन बोटांनी मागे सरकवला.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“नाही प्यायचं. मला दूध आवडत नाही. कधीच आवडायचं नाही. मी नाक दाबून प्यायचे.”

“अगं, मग इतके दिवस का प्यायलीस?”

खारूताईला हा प्रश्नच कळला नाही बहुतेक. “तेव्हा मी तात्पुरती होते ना,” ती म्हणाली.

बटणबाई खुर्चीत टेकली. समोर खारूताई हनुवटी वर करून, हाताची घडी घालून उभी होती, चांगली भांडायच्या तयारीत.

“आणि गणिताची शिकवणीपण नको,” ती म्हणाली.

बटणबाईने पेला उचलला, एका दमात सगळं दूध स्वतःच पिऊन टाकलं आणि ओठ पुसले. “दूध सोडलं,” ती म्हणाली. “शिकवणी सोडायची नाही.”

“मग आठवड्यातून तीनच दिवस.”

“पाच.”

“तीन!” खारूताईने पाय आपटला आणि बटणबाईने खुर्ची पुढे ओढली.